ज्यांनी आमची नाणी ओळखली

मागच्या पावसाळ्यात आमचं नाण्यांचं दुकान फुटलं. हाताने पाडलेली जुनी नाणी बरीचशी परत आली, मशीनवर पाडलेले चांदीचे रुपये मात्र एक सोडून गेले ते गेलेच, आणि असं का झालं हे मला आता नीट कळलंय म्हणून सविस्तर लिहितेय. आमच्यावर वेळ आली तेव्हा घरफोडीनंतर काय करायचं हे सांगणारे खूप भेटले, पण सापडलेलं नाणं आपलंच आहे हे सिद्ध कसं करायचं ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

दुकान बाबांचं. बुधवार पेठेत, आप्पा बळवंत चौकापासून जवळच एका बोळात, तीन गिऱ्हाइकं आत आली की चौथ्याला पायरीवर थांबावं लागतं एवढंसं. मी नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात बसते, लहानपणापासून बसतेय, त्यामुळे शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, कशी दिसते हे मला शाळेत शिवाजी महाराजांचा धडा यायच्या आधीपासून माहीत. बाबांचा सगळा जीव मराठ्यांच्या नाण्यांत, शिवराई, तिचाच एक प्रकार दुदांडी, पुण्याचे अंकुशाची खूण असलेले अंकुशी रुपये, चांदवडचे, होळकरांचे. पोट चालतं ते ब्रिटिश इंडियाच्या रुपयांवर, व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, कारण नवीन मुलं सुरुवात तिथूनच करतात.

त्या रात्री धो धो पाऊस होता. शटरची दोन्ही बाजूंची कुलपं तशीच, मधोमध कटावणी घालून शटर उचकटलेलं, माणूस आडवा होऊन आत सरकेल एवढी फट. सकाळी शेजारच्या स्टेशनरीवाल्यांचा फोन आला. तिजोरी चोरांना उघडता आली नव्हती पण कपाटातले ट्रे आणि अल्बम सगळे रिकामे, कॅमेऱ्याचा डीव्हीआर वायरी तोडून नेलेला, आणि जमिनीवर सगळीकडे फाडलेले कागदी होल्डर. नाणं काढून घेतलं आणि होल्डर फेकून दिला, एकेक करून, म्हणजे निवांत बसून केलेलं काम. बाबा वाकून ते होल्डर गोळा करायला लागले तर बीट मार्शल म्हणाले काका हात लावू नका, ठसेवाले येतायत. तेव्हा आम्हाला कल्पना नव्हती की हे फाडलेले होल्डरच पुढे एवढे कामाला येणार आहेत. बाबा प्रत्येक होल्डरवर पेन्सिलीने वजन लिहितात, ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत, आणि खाली नाणं कधी आणि कुठून घेतलं त्याची खूण. ते सगळे पंचनाम्यात जप्त झाले.

पंचनामा हा प्रकार पहिल्यांदाच बघत होते. पोलिसांच्या भाषेत सोनं म्हणजे पिवळा धातू आणि चांदी म्हणजे पांढरा धातू, कारण जागेवर धातूची परीक्षा झालेली नसते म्हणून तसंच लिहायची पद्धत आहे, हे मला नंतर समजलं. पण बाबांनी वाचलं 'पांढऱ्या धातूची गोल नाणी आणि तांब्याचे जुने पैसे' आणि ते एकदम गप्पच झाले. बाबा सारखे म्हणत होते अहो साहेब, ते जुने पैसे नाहीत, त्यातल्या काहींवर महाराजांचं नाव आहे. ड्युटीवरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आत्ता हे असंच जाऊ द्या, तुम्ही सविस्तर यादी करून आणा, आपण पुरवणी जबाब घेऊ. हे त्यांनी सांगितलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. फिर्याद त्याच दिवशी नोंदवली, अज्ञात चोरट्यांविरुद्ध, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ आणि ३३१(४), म्हणजे चोरी आणि रात्रीची घरफोडी. बाबांकडे १९७२ च्या अँटिक्विटीज कायद्याखालचं व्यवसायाचं लायसन आहे, ते भिंतीवर फ्रेममध्येच होतं, त्यामुळे ही एवढी जुनी नाणी तुमच्याकडे कशी हा प्रश्न तिथेच मिटला. शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावशेष ठरतं आणि त्याचा धंदा करायला लायसन लागतं, हे या व्यवसायातल्या सगळ्यांनी खरंच मनावर घ्यावं, कारण चोरी झाल्यावर पहिला प्रश्न तुमच्याकडेच येतो.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगते. दुकानाची पॉलिसी होती, पण दुर्मिळ नाणी वेगळी जाहीर केलेली नसतील तर घरफोडीच्या कव्हरमध्ये धरत नाहीत असं त्यात छापलेलं होतं. शटर आणि कॅमेऱ्याचे पैसे मिळाले. तो विषय तिथेच संपला.

आता यादी. वही होती, खरेदीची, बाबांच्या अक्षरात. पण वहीत 'शिवराई, चांगली, ११.३२' असं लिहिलेलं असतं, त्यावरून पोलिसांना काय कळणार. फोटो हवे होते. बाबा रोज नाण्यांचे फोटो काढून ठरलेल्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात, बघा आवडतंय का म्हणून, आणि मोबाईलची जागा संपली की जुने उडवून टाकतात. म्हणजे आमच्याकडे फोटो नव्हते, पण पुण्यात आणि पुण्याबाहेर ज्यांना ज्यांना बाबांनी ते पाठवले होते त्यांच्याकडे होते. हे सुचलं आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, फक्त शिवराई जमवतात, अक्षरांच्या वळणावरून नाणी वेगळी करतात. ते दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन घरी आले आणि म्हणाले, प्रत्येकाला सांग की बाबांचं चॅट उघडून पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत सगळं पाठवा, विकत घेतलेलं सुद्धा आणि नको म्हटलेलं सुद्धा.

आणि लोकांनी पाठवलं. सांगलीचे एक डॉक्टर दवाखाना संपवून रात्री उशिरापर्यंत फोटो शोधून पाठवत होते. डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकणारा एक मुलगा, त्याची एवढी ऐपत नाही की आमच्याकडून अंकुशी रुपया घेईल, पण बाबांनी अभ्यासाला म्हणून पाठवलेला एकेक फोटो त्याने तारखेनुसार फोल्डर करून ठेवलेला. नाशिकहून आले, कोल्हापूरहून आले, इंदूरहून आले. काही लोकांशी बाबांचे मध्ये खटके उडाले होते, किमतीवरून वगैरे, त्यांनीसुद्धा पाठवले. काकांनी एक्सेलमध्ये एका ओळीला एक नाणं असं लावायला घेतलं, दोन्ही बाजूंचा फोटो, वहीतलं वजन, ओळखायची खूण, आणि फोटो कुणाकडून आला ते.

ओळखायची खूण हा सगळ्यात महत्त्वाचा कॉलम होता. हाताने पाडलेलं नाणं म्हणजे धातूची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असतो, म्हणून सगळा मजकूर एका नाण्यावर मावतच नाही, कुठे 'श्री राजा शिव' मधला 'श्री' पूर्ण आणि 'व' बाहेर, कुठे उलट, मागे 'छत्रपति' चं तसंच. शिवाय चकती वेडीवाकडी, कड कुठे फाटलेली, आणि शिवराई तर एकोणिसाव्या शतकातसुद्धा बाजारात चालत होती, त्यामुळे प्रत्येकीची झीज वेगळी. चांदीच्या रुपयांवर याच्या जोडीला सराफांनी पारख करताना मारलेले बारीक बारीक छाप असतात, कुठे चांदणी, कुठे टिंब, ते कुठल्या जागेवर पडलेत हे दोन रुपयांत कधीच सारखं येत नाही. म्हणजे माणसाच्या चेहऱ्यासारखं, एकदा नीट बघितलं की विसरत नाही. याउलट १८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपया घ्या किंवा १९१८ चा पाचव्या जॉर्जचा, ११.६६ ग्रॅम, कडेला सारख्या रेघा, टाकसाळीतून लाखोंनी निघालेले, चांगल्या स्थितीतले दोन शेजारी ठेवले तर आम्हालाच सांगता येत नाही कुठला आपला.

यादी सगळीकडे टाकायची की नाही यावरून बराच वाद झाला. तरुण मुलांचं म्हणणं की फोटोसकट सगळ्या ग्रुपवर टाका, जेवढे डोळे तेवढं बरं. काकांचं म्हणणं की चोराला कळलं की ही नाणी ओळखली जातायत तर तो सरळ वितळवेल. तपास पथकातल्या हवालदारांनीही थोडं थांबा म्हणून सांगितलं. शेवटी यादी फक्त विश्वासातल्या डीलरना आणि जुन्या संग्राहकांना गेली, पुणे, मुंबई, नाशिक, इंदूर, आणि प्रत्येकाला एकच विनंती, दिसलं तर तिथे काही बोलू नका, विकत घेऊ नका, फक्त कळवा. माझं आजही मत आहे की काका बरोबर होते, निदान तांब्याच्या बाबतीत तरी. विकत घेऊ नका हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे चोरीचा माल आहे हे माहीत असताना अप्रामाणिकपणे घेतला तर तो गुन्हा आहे, कलम ३१७(२), आणि हेतू चांगला असला तरी घेणारा संशयात अडकू शकतो.

पहिला धागा त्या कॉलेजच्या मुलाने पकडला. बाहेरगावच्या एका विक्रेत्याने ग्रुपवर चार रुपये विकायला टाकले होते, त्यातला एक अंकुशी. मुलाने अंकुशाच्या दांड्याजवळचा छाप बघितला, मग त्याच्या फोल्डरमधला फोटो बघितला, मग ठशाला तडा गेल्यामुळे फारसी अक्षरांतून आरपार उठलेली रेघ बघितली, आणि रात्री साडेअकराला मला फोन केला, ताई हा आपला आहे. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. खरं सांगते, माझा आधी विश्वास बसला नाही. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि फक्त मान हलवली.

दुसरा धागा जुन्या बाजारातला. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो तो. काका आणि त्यांचे दोन मित्र आळीपाळीने जातच होते, आणि एका रविवारी काकांचा फोन, अगं तू लगेच ये, पण माझ्याजवळ येऊ नकोस. एका पथारीवर पितळेच्या वाटीत तांब्याची नाणी होती आणि त्यात एक शिवराई, जिचा 'श्री' एकदम ठसठशीत आणि खालची कड चिमणीने चोच मारावी तशी तुटलेली. ती शिवराई काका बाबांकडे कितीदा तरी हातात घेऊन बसले होते आणि किंमत जास्त म्हणून ठेवून गेले होते. ते तिथे उकिडवे बसून त्या माणसाशी भाव करत राहिले, चहा मागवला, दुसरीच नाणी उचलून बघत राहिले, आणि मी लांबून हवालदारांना फोन लावला. साध्या वेशातले दोघं येईपर्यंत काका तिथून हलले नाहीत. पथारीवाल्याने काही लपवलं नाही, कुणाकडून घेतली ते सांगितलं, नंबर दिला, आणि पोलिसांचं काम तिथून पुढे भराभर सरकलं. त्या बाहेरगावच्या विक्रेत्याकडेही त्याच माणसामार्फत माल गेला होता. दोघांना अटक झाली, पोत्यातली तांब्याची नाणी बरीचशी जशीच्या तशी मिळाली कारण तांब्याचं काय करायचं हे त्यांना कळलंच नव्हतं, हाताने पाडलेले रुपये तीन-चार ठिकाणी विखुरलेले होते ते जमत गेले. आणि मशीनचे रुपये एका चांदी आटवणाऱ्याकडे गेले होते. पोलिसांनी तिथून लगड जप्त केली. त्यातल्या १९४० च्या आधीच्या रुपयांत जवळपास ९२ टक्के चांदी असते, आटवणाऱ्याच्या दृष्टीने तो चांगला माल. बाबांनी त्या लगडीला हात लावला नाही.

यानंतरचा भाग लोकांना माहीत नसतो. नाणी सापडली म्हणजे घरी आली असं होत नाही. ती मुद्देमाल होतात आणि आधी ओळख पंचनामा होतो. पंचांसमोर तुमची वस्तू तशाच दुसऱ्या वस्तूंत मिसळून ठेवतात आणि तुम्हाला निवडायला सांगतात. साहेब म्हणाले, आता तशाच दुसऱ्या शिवराया मी कुठून आणू? काकांनी स्वतःच्या संग्रहातल्या दिल्या. डॉक्टरांनी सांगलीहून रुपये आणून दिले. लोक आपली नाणी दुसऱ्याच्या हातात पाच मिनिटं द्यायला तयार नसतात हो, आणि यांनी ती पोलीस ठाण्याच्या टेबलावर ठेवायला दिली, वजनं लिहून, पावती घेऊन.

तो दिवस मी विसरणार नाही. टेबलावर पांढरा कागद, त्यावर नाणी ओळीने. बाबा एकेक उचलत होते, पालथी करत होते, आणि उचलायच्या आधीच खूण सांगत होते, ही घ्या, हिच्या मागे 'छत्र' आहे आणि 'पति' अर्धवट, डाव्या कडेला चीर. मग पोलिसांनी वजनकाट्यावर ठेवायची. ११.३२. मग जप्त केलेल्या होल्डरांतला तो होल्डर काढायचा, पेन्सिलीने ११.३२. पहिल्या दोन-तीन नाण्यांना पंच नुसते बसले होते, नंतर तेच पुढे वाकून होल्डर शोधायला लागले. ज्या हवालदारांनी सुरुवातीला मला विचारलं होतं की ताई ही सगळी सारखीच दिसतात तुम्ही ओळखता कशी, ते शेवटी भिंग घेऊन स्वतःच बघत होते आणि एका शिवराईत बाबांच्या आधी त्यांनी 'श्री' शोधला.

मशीनच्या नाण्यांतलं एकच ओळखलं गेलं, १९११ चा रुपया. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती त्यावर डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा आक्षेप आला आणि १९१२ पासून चित्र बदललं, त्यामुळे त्याला जरा जास्त किंमत असते, आणि आटवायच्या आधी कुणीतरी तो बाजूला काढून ठेवला होता. पण हा तोच, हे कसं सांगणार? राजाच्या गालावर कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा उमटून काळपट झालेला होता, चांदीत बसलेला, आणि नाशिकच्या एका संग्राहकाने आम्हाला पाठवलेल्या फोटोत त्या ठशाच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

फोटो कोर्टात चालावेत म्हणून ज्यांच्या फोनमध्ये ते होते त्या प्रत्येकाला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट द्यावं लागलं, पूर्वी ६५बी म्हणायचे ते. फोन कुठला, फोटो कधी आला, तो माझ्याच ताब्यात होता, अशी सही. कोर्टात साक्षीला बोलावतील हे माहीत असून लोकांनी सह्या दिल्या. मग शिवाजीनगर कोर्टात मुद्देमाल ताब्यात मिळावा म्हणून अर्ज, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, सरकारी पक्षाचं म्हणणं, आरोपींच्या वकिलांचं म्हणणं, तारीख, पुढची तारीख. आमच्या वकिलांनी सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा २००२ चा निकाल दाखवला, की मुद्देमाल पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं पडून राहू नये, फोटो आणि पंचनामा करून, बाँड घेऊन मालकाला द्यावा. तसा आदेश झाला. नाणी सुपूर्तनाम्यावर मिळाली, केस संपेपर्यंत विकायची नाहीत, बदलायची नाहीत, साफ करायची नाहीत, कोर्टाने मागितली की हजर करायची. बाबांना त्याचं काही वाटलं नाही, विकायची घाई आता त्यांना नाहीच.

दुकान परत सुरू आहे. शटरला मधलं कुलूप बसवलं, डीव्हीआर वेगळ्या जागी, आणि नवीन नाणं आलं की आधी त्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून काकांच्या यादीत ओळ वाढते, मगच ते ट्रेमध्ये जातं. बाबा आता मशीनच्या रुपयांचेसुद्धा जवळून फोटो काढतात, ओरखडा, डाग, काहीही.

तीन नाणी अजून फिरतायत असं वाटतं, कारण ती आटवलेल्या मालात नव्हती. एक, होळकरांचा महेश्वरचा रुपया, शिवलिंग आणि बेलपत्राचा, कधीतरी दागिन्यासाठी भोक पाडून नंतर बुजवलेलं, ती जागा वरच्या कडेला थोडी पांढुरकी दिसते. दुसरं क्षत्रपांचं, म्हणजे पश्चिम भारतातल्या प्राचीन राजांचं, चांदीचं बारकं नाणं, २.१ ग्रॅम, राजाच्या डोक्यामागे शकाचा आकडा अर्धवट, उजवी कड तुटलेली. तिसरी एक शिवराई, दोनदा ठसा बसल्यामुळे 'राजा' मधला 'जा' दोन वेळा आलेला, १०.८७ ग्रॅम. कुठे दिसली तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, विकणाऱ्याशी वाद घालू नका, विकत घेऊ नका आणि जवळच्या पोलीस चौकीत कळवा.